दातात धरलेली पट्टी

मार्च आला की इथं अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवेत, सगळीकडं राड होते. बर्फ वितळतो, पण खालची माती अजून उठलेली नसते, त्यामुळं पाणी जिरत नाही, वरवर लोळत राहतं. लोक म्हणतात, स्प्रिंग आला. मला विचाराल तर इथं स्प्रिंग दुकानात आधी येतो आणि जमिनीत फार उशिरा. कोपऱ्यावरच्या दुकानानं फुललेली रोपं काचेमागं मांडून ठेवलीत. लोक ती घेऊन जातात, हौसेनं दारात लावतात, आणि आठ दिवसांत पुन्हा हिम पडून ती काळी होतात. पहिल्या वर्षी मी शेजारच्या दोघींना खुणा करून सांगितलं होतं, थांबा जरा. त्या हसून थँक यू म्हणाल्या आणि लावलीच. आता मी सांगत नाही.

माझे ट्रे मी तळघरात लावलेत. टोमॅटो, वांगी, मिरची. परवा पहिली मिरची मान वाकडी करून मातीतून वर आली आणि मला गेल्या वर्षीचा हाच महिना आठवला. विसरायचा प्रयत्न मी केलेलाही नाही. येतं ते माणूस सांगतं, आप्पा, मन दुसरीकडं वळवा. मन काय पाण्याचा पाट आहे, फावडं मारलं की वळलं?

गेल्या वर्षी जानेवारीत हौसा गेली. माझी बायको. न्यूमोनिया झाला, पाच दिवस मशीनवर होती. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दत्ताला बाजूला घेऊन इंग्रजीत काही सांगितलं. मला ते इंग्रजी कळलं नाही, आणि सगळं कळलं.

दत्ता आमचा मुलगा. कॉम्प्युटरवाला, अठरा वर्षं झाली त्याला अमेरिकेत. सहा वर्षांपूर्वी त्यानं आम्हा दोघांना इथं कायमचं बोलावून घेतलं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, खायला-प्यायला, औषधाला काही कमी केलं नाही. फक्त तो आमच्या कामाला लाजतो. आम्ही दोघं कामानं माळी. पुण्याबाहेरच्या एका मोठ्या नर्सरीत चाळीस वर्षं कुंड्या भरल्या, कलमं केली, पाणी घातलं. मी चौथी शिकलो, हौसा शाळेत गेलीच नाही. दत्ता इथल्या लोकांना सांगतो, माय पेरेंट्स वेअर इन ॲग्रिकल्चर. खोटं म्हणता येत नाही. पण ते ऐकलं की मला वाटतं, आपण कुणा बागायतदाराचे कपडे घालून बसलोय आणि तो आता परत मागायला येणार.

तेराव्याला त्यानं बाहेरच्या खोलीत हौसाचा फोटो लावला. पुतणीच्या लग्नातल्या घोळक्यातनं तिला कापून वेगळी काढलेली. पैठणी जावेची, नथ जावेच्या बहिणीची. ती नथ तिला चावत होती, म्हणून फोटोत ओठ आवळलेत. येणारेजाणारे म्हणायचे, काकू किती शांत दिसतात. शांत कसली. नथ एकदा कधी काढते असं झालं होतं तिला.

घरात बसवेना म्हणून मी चालायला लागलो. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर विद्यापीठाची काचघरं आहेत, दिवसा कुणालाही आत जाता येतं. मार्चचं वारं इथं कानाला चावतं. पण तिथलं दार ढकलून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि काहीच दिसत नाही. आधी वास येतो. ओली माती, शेवाळ, कुंडीखाली सडलेलं एखादं पान. पहिल्या दिवशी मी चष्मा पुसलाच नाही. तसाच उभा राहिलो. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मी अशा जागी होतो जिथं मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथं केतकी भेटली. नागपूरची पोरगी. झाडांच्या रोगांवर पीएचडी करते आणि आठवड्यातनं काही तास काचघरात पाणी घालायची ड्यूटी करते. मी बघितलं तेव्हा पाइप धरून सरसकट सगळ्या कुंड्यांना पाणी सोडत चालली होती.

"पोरी, मरतील ती," मी म्हटलं.

मराठी ऐकून ती पाइपसकट वळली. माझे बूट भिजले.

"सॉरी, सॉरी काका. काहून मरतील? आधीच रोग होऊन राहिला यांना."

"रोग पाण्यानंच होतोय. कुंडी वाजवून बघ."

मातीच्या कुंडीवर बोटाचं पेर मारलं की कळतं. आत ओल असली तर आवाज दबका येतो, कोरडी असली तर खणखणीत. दोन कुंड्या वाजवून दाखवल्या.

"आमच्याकडे यासाठी सेन्सर आहे," ती म्हणाली.

"मग त्याला विचार."

"बंद आहे यार तो," असं म्हणून ती वाकली आणि ओळीनं टकटक करत निघाली. त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. हौसा गेल्यापासून माझं म्हणणं ऐकून कुणी पाणी बंद केलं नव्हतं.

एप्रिल लागला तेव्हा काचघराच्या लांब बोळात त्यांनी जुने फोटो लावले. दीडशे वर्षांपूर्वीचे, काचघरांतल्या माळ्यांचे. मूळचे फोटो तळहाताएवढे, काही पत्र्यावर घेतलेले. इथं मोठे करून भिंतीवर मांडले होते. केतकी म्हणाली, त्या काळी कामकरी माणसं आपापली हत्यारं घेऊन फोटो काढून घ्यायची. लोहार हातोडा घेऊन, चांभार बूट घेऊन, माळी झारी घेऊन.

"मालक काढायला लावायचे?"

"नाही ना काका. बरेच जण स्वतःच जायचे. स्वतःच्या खिशातून."

मी तिथल्या बाकावर बसलो. आयुष्यात एकदा फोटो निघणार, दुसरा निघेल न निघेल, आणि तो माणूस घरातनं निघताना झारी उचलतो. चांगला कोट घालतो आणि वर कामाचा ॲप्रन बांधतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मग मी रोज तेच बघत राहिलो. एक पालथ्या कुंडीवर बसलेला म्हातारा, मांडीवर कात्री. एक काळा माळी, कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात लिंबाचं रोप, बघतोय असा की रोप घ्यायचं तर घ्या, पण विचारून. दोघं भाऊ असावेत, मधे एक फर्न, धाकट्या भावंडाला मधे उभं करावं तसं. सगळ्यांचे चेहरे कडक. केतकीनं सांगितलं, तेव्हा फोटोला वेळ लागायचा, हललं की चेहरा पुसला जायचा, म्हणून मागून लोखंडी दांड्यानं डोकं धरून ठेवायचे. तिनं दाखवल्यावर दिसलं, एकाच्या बुटांमागं त्या दांड्याचे पाय आहेत. मला दुसरंच दिसत होतं. पानं हललेली नव्हती. काचघरातली पानं हलू नयेत म्हणून वरच्या झडपा बंद केल्या असणार. भर उन्हात झडपा बंद, अंगात लोकरीचा कोट, मागून डोक्याला दांडा. घामानं पाठ भिजली असेल, आणि तरी एकही माणूस कंटाळलेला दिसत नाही. फोटोवाल्यांच्या खोल्यांनाही तेव्हा काचेचं छप्पर असायचं म्हणे, उजेडासाठी. म्हणजे माणसाला आणि रोपाला एकच सोय.

प्रत्येक फोटोखाली चिठ्ठी होती. केतकी मराठीत वाचून दाखवायची. फर्नचं नाव दोन ओळी. ऑर्किडचं नाव, ते कुठल्या देशातनं आलं ते. काचघर कुणाच्या मालकीचं ते. माळ्याच्या जागी एकच शब्द, अज्ञात.

"फोटो पाहून झाड ओळखता येते ना काका, माणूस कसा ओळखणार?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला राग आला तो आलाच.

आणि मग तो फोटो. मधल्या वयाचा माणूस, दोन्ही हातांत गुलाबाचा खुंट, उजव्या मुठीत बारीक चाकू, आणि तोंडाच्या कोपऱ्यातनं एक धागा खाली लोंबतोय. केतकीनं चिठ्ठी वाचली. गवताची काडी चघळत उभा असलेला निवांत माळी.

"निवांत?" मी म्हटलं. "कुणी लिहिलं हे?"

"प्रोफेसरांनी असेल. का?"

"त्याला सांग, हे गवत नाही. डोळा भरतोय तो. खुंटाची साल चिरली, चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, काढून आत बसवला, आता बांधायला धागा लागतो. दोन्ही हात गुंतलेले असतात. मग धागा कुठं धरणार? दातात. निवांत नाही तो, ऐन कामात आहे."

माझा आवाज चढला असणार, कारण पलीकडचा एक पोरगा हेडफोन काढून बघायला लागला. केतकीनं तिथंच उभ्या उभ्या ईमेल केली. आठवड्यानं चिठ्ठी बदलली. कलम बांधण्याचा धागा बहुधा दातात धरलेला माळी.

"बहुधा कशाला?"

"असंच लिहितात काका हे लोक. प्रूफ पाहिजे त्यांना."

"मी आहे की प्रूफ."

ती हसली. मी हसलो नाही. मला एकाएकी आमचा नर्सरीतला पौष महिना आठवला होता.

गुलाबाचे डोळे भरायचे ते थंडीत. बाया मांडवाखाली रांगेनं बसायच्या, पुढ्यात खुंटांच्या पिशव्या. आधी केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे होते, ओले राहावेत म्हणून तोंडातच धरावे लागायचे. नंतर प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, पण दातात धरायची सवय गेली नाही. दोन महिने सगळ्या बाया दात न उघडता बोलायच्या. मुकादमाला एक अक्षर कळायचं नाही आणि त्याची नक्कल सगळ्यात जास्त तेव्हाच व्हायची. मला कळायचं, कारण घरीसुद्धा हौसा तशीच बोलून जायची. "अहो, भाकरी झाकलीय," हे वाक्य मी दातातनं इतक्यांदा ऐकलंय की उघड्या तोंडानं म्हटलेलं मला ओळखू येणार नाही. तिचा हात सगळ्यांत हलका. तिनं भरलेला डोळा सहसा मरायचा नाही. मुकादम तिला मुद्दाम नाजूक जातीची काडी द्यायचा आणि वर आळशी म्हणायचा, कारण ती घाई करायची नाही.

त्या एका पौषात मालकांनी कॅटलॉगसाठी फोटोवाला आणला. मालकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. फोटोवाल्यानं हौसाला म्हटलं, पट्टी काढा बाई तोंडातली, हात धुऊन या. ती जागची उठली नाही. दातातनंच म्हणाली, "डोळा वाळंल." त्यानं तसाच फोटो घेतला. महिन्यानं कॅटलॉग आलं, त्यात गुलाबांच्या माहितीच्या पानावर हौसाचे हात होते. फक्त हात. वरचं सगळं कापलेलं.

ती कॅटलॉग घेऊन ऑफिसात गेली. मी दाराशी होतो, माझी आत जायची हिंमत झाली नाही, हे लिहितो. ती म्हणाली, "भाऊसाहेब, हात माझंच हायेत. तोंड कुठं ठेवलंत?"

भाऊसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ड्रॉवर उघडून अख्खा फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो आयुष्यभर साड्यांच्या घडीत जपला, अमेरिकेला येतानाही घेऊन आली.

एप्रिलच्या त्या दिवशी घरी जाऊन मी तो शोधून काढला. चाकू, खुंट, नखांत माती, दातातनं लोंबणारी पट्टी, आणि वर तिची ती नजर, की लवकर आटपा, काम आहे. दत्ता ऑफिसातनं आल्यावर त्याच्यापुढं ठेवला.

"बाहेर हा लावायचाय."

त्यानं बघितलं. "आप्पा, हा? तिच्या तोंडात प्लास्टिक आहे."

"पट्टी आहे."

"हात बघा तिचे. लोक काय समजतील?"

"काय समजतील?"

सून म्हणाली, "अरे, मोठा करून तर बघ आधी." चार दिवसांनी त्यानं फ्रेम आणली. मन लावून आणली होती, ते मला दिसत होतं. पण फोटोत हौसाचे हात गोरे होते. नखं स्वच्छ. पट्टी नव्हती, तोंड मिटलेलं, ओठांच्या कडेला थोडं हसू. चाकूचं पातं पुसट होऊन पेनासारखं दिसत होतं. शाळेत न गेलेल्या बाईच्या हातात पेन.

"ही कोण?" मी विचारलं.

"आई."

"ही तुझ्या ऑफिसातली कुणीतरी आहे."

"आप्पा, ॲपनं केलंय ते. ऑटोमॅटिक एन्हान्स होतं."

"मग त्या ॲपच्या आईचा फोटो लाव."

सून स्वयंपाकघरात निघून गेली. दत्ता खुर्चीवर बसला. "पाचवीत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, कुणाची आई काय करते. मी सांगितलं. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा. तुम्हाला कधी सांगितलं नाही मी."

मला खरंच माहीत नव्हतं. पाचवीतला दत्ता मला दिसला. दोन दिवस ती फ्रेम मी तळघरात भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि विचार केला की जाऊ दे, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. पोराला रोज त्या भिंतीसमोरनं जायचंय. पण मला राहून राहून तो बोळ दिसायचा. दीडशे वर्षांपूर्वीचा कुणी परका माणूस स्वतःच्या पायांनी गेला आणि सांगून आला की मी हा असा. आणि माझी बायको मालकासमोर उभी राहून स्वतःचं तोंड मागून आली. ते मी आता घालवू? तिच्यावर हसणारे हसले. त्यांच्यासाठी मी तिचे हात धुणार नाही.

हेच दत्ताला सांगितलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

मी मूळ फोटो केतकीकडं नेला. ती खूप वेळ बघत बसली. "काकू भारी होत्या," म्हणाली. मग, "ओरखडे काढू का काका?"

"ओरखडे काढ. बाकी कशाला हात लावू नको."

तिनं मोठा करून आणला. तो बाहेरच्या खोलीत मी स्वतः लावला, खिळा मीच ठोकला. पैठणीतला फेकला नाही. माझ्या कपाटात आहे. तोही तिचाच आहे.

मे महिन्यात एका शनिवारी दत्ताकडं जेवायला माणसं आली. त्याचे साहेब, त्यांची बायको, दोघं अमेरिकन. आणि पुण्याचं एक जोडपं, त्याच्याच ऑफिसातलं. मला वाटलं होतं, सकाळी फोटो उतरवलेला असेल. उतरवलेला नव्हता. पुण्याची बाई पाणी पिता पिता म्हणाली, "काका, काकूंचा जरा बरा फोटो नव्हता का?"

"यापेक्षा बरी ती कधी दिसली नाही," मी म्हटलं.

ती ओशाळली. मी तिला ओशाळू दिलं. तेवढ्यात साहेबांची बायको फोटोजवळ गेली आणि दत्ताला काहीतरी विचारलं. बोट हौसाच्या तोंडाकडं होतं. दत्ताच्या हातात भाताचं भांडं होतं. नऊ वर्षांची आमची नात, ईरा, तीही म्हणाली, "या, डॅड, व्हॉट इज दॅट?" आमच्या घरात तिलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. उत्तर त्यानं द्यायचं होतं. नाही देता आलं तर तेही त्या खोलीत सगळ्यांना दिसू दे, असं मी ठरवलं.

त्यानं भांडं टेबलावर ठेवलं. "माय मदर," तो म्हणाला. "शी वॉज अ गार्डनर." पुढचं इंग्रजी भरभर होतं, मला लागलं नाही. लागायची गरजही पडली नाही, कारण तो हातांनी दाखवायला लागला. टेबलावरच्या कागदी नॅपकिनची एक चिंधी त्यानं फाडली, दातात धरली, डाव्या हाताचं बोट खुंटासारखं उभं केलं. उजव्या हाताच्या नखानं त्याच्यावर चीर दिली, डोळा बसवल्यासारखं केलं, मग चिंधी दातातनं ओढून घेतली आणि बोटाभोवती गुंडाळत गेला. खालून वर. वरून खाली गुंडाळली तर पाणी आत शिरतं आणि डोळा कुजतो. हे त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. मांडवात बसून अभ्यास करायचा तेव्हा पुस्तकातनं मान वर काढून त्यानं किती वेळा बघितलं असेल, कुणास ठाऊक. शेवटी त्यानं गाठ मारली, तीही बरोबर मारली.

ईरानं स्वतःचं बोट पुढं केलं. "डू माइन," म्हणाली. तो तिच्या बोटाला चिंधी बांधत बसला. भात निवला. साहेबही उभे राहून बघत होते.

माझ्याबद्दल त्यानं त्या दिवशी काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. असू दे. तिला आता बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी मी भांडलो. माझं मला अजून बोलता येतं.